भावाचा डेंग्यू निगेटिव्ह, टायफॉईडची विडाल टेस्ट १:१६० पॉझिटिव्ह, नक्की धरायचं काय?

विक्रोळीकर
(बुधवार रात्री)

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ, वय २६. सोमवारी रात्री एकदम थंडी वाजून ताप भरला, तेव्हापासून १०२-१०३ च्या खाली येतच नाहीये, डोकं प्रचंड दुखतंय, डोळे इकडेतिकडे हलवले की मागून ठणका मारतो म्हणतो, अंग तर असं मोडून आलंय की कुशीवर वळताना कण्हतो. खोकला सर्दी काही नाही. मळमळतंय, पेज आणि लिंबू सरबत तेवढं पोटात जातंय. मंगळवारी संध्याकाळी जवळच्या लॅबमध्ये ते पावसाळ्यातलं फीव्हर पॅकेज असतं ना ते केलं. पांढऱ्या पेशी ३४००, प्लेटलेट्स १ लाख ५२ हजार, मलेरिया कार्ड निगेटिव्ह, स्मिअरमध्येही (काचेवर रक्त पसरून मायक्रोस्कोपखाली बघतात त्यात) काही नाही, डेंग्यू एनएस१ कार्ड (डेंग्यूच्या व्हायरसचं प्रोटीन शोधणारी झटपट टेस्ट) निगेटिव्ह, आणि विडाल ओ १:१६०, एच १:१६०, समोर ठळक अक्षरात पॉझिटिव्ह.

फॅमिली डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि म्हणाले हा टायफॉईड वाटत नाही, मला डेंग्यूचा संशय आहे, सध्या फक्त पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी, उद्या सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) परत करा. म्हणजे जो पॉझिटिव्ह आला तो आजार नाही आणि जो निगेटिव्ह आला तो आहे? घरात सगळे गोंधळलेत. मावशी म्हणते रिपोर्टमध्ये छापून आलंय तरी अँटिबायोटिक देत नाही म्हणजे काय, डॉक्टर बदला. डॉक्टरांवर माझा विश्वास आहे, लहानपणापासून त्यांच्याकडेच जातो, पण मला समजून घ्यायचंय की असं कसं होऊ शकतं, आणि रिपोर्टवर जायचंच नसेल तर टेस्ट करायची कशाला.

अजून एक, महत्त्वाचं आहे की नाही कळत नाही. गेल्या आठवड्यात ट्रेन बंद पडल्या तेव्हा तो परळहून दादरपर्यंत हिंदमाताच्या गुडघाभर पाण्यातून चालत आला होता.

ठाणेकर_०९

विडाल १:१६० म्हणजे टायफॉईडच दादा, उगाच वेळ घालवू नका. माझ्या पुतण्याला सेम रिपोर्ट होता, अँटिबायोटिक चालू केलं आणि तिसऱ्या दिवशी ताप गेला.

डॉक्टर_लालबाग

मी लालबागला प्रॅक्टिस करतो, पावसाळ्यात हा प्रश्न रोज समोर येतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. भावाला मी तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. पण ते जे म्हणाले ते मला पटतं.

आधी विडाल. ही टेस्ट जंतू शोधत नाही, जंतूंविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी शोधते. त्या बनायला वेळ लागतो, साधारण पहिला आठवडा संपत आला की वाढायला लागतात. तुमच्या भावाचं रक्त ताप आल्यानंतर चोवीस तासांच्या आत घेतलंय. त्या रक्तात १:१६० दिसलं तर ते या तापाने बनवलेलं असण्याची शक्यता फार कमी. मग आलं कुठून? मुंबईत बाहेरचं खाणारा-पिणारा कुठलाही तरुण घ्या, कधीतरी टायफॉईडच्या किंवा त्याच्या भाऊबंद जंतूंशी गाठ पडलेली असते, लस घेतलेली असू शकते, दुसऱ्या कुठल्या तापातही जुन्या अँटिबॉडी थोड्या उसळतात. ठणठणीत माणसाची विडाल केली तरी काही ना काही आकडा येतो. विडालची पद्धत १८९६ सालची आहे, त्याच वर्षी मुंबईत प्लेग आला होता, इतकी जुनी. त्या काळी तिचं मोल मोठं होतं. आज एकट्या विडालवर, तेही दुसऱ्या दिवशीच्या, मी कुणालाही टायफॉईडचं लेबल लावणार नाही. आणि टायफॉईडचा तापही सहसा असा एका रात्रीत १०३ ला जाऊन बसत नाही, चार-पाच दिवस चढत चढत जातो.

आता एनएस१ निगेटिव्हचं. हे हिशोबाने बघू, सोपं पडेल. ऑगस्टमध्ये तुमच्या भावासारखं चित्र घेऊन १०० जण आले, एकदम चढलेला ताप, डोळ्यांमागे दुखणं, पांढऱ्या पेशी कमी. त्यातल्या ५० जणांना खरंच डेंग्यू आहे असं धरा. कार्ड टेस्ट खऱ्या डेंग्यूपैकी १०० तले ७० पकडते आणि डेंग्यू नसलेल्या १०० तल्या ५ जणांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते असं धरा. आकडे हिशोबापुरते घेतलेत, कार्डाच्या कंपनीप्रमाणे बदलतात. तर ५० डेंग्यूवाल्यांपैकी ३५ पॉझिटिव्ह, १५ निगेटिव्ह. बाकीच्या ५० मधले ४७-४८ निगेटिव्ह. म्हणजे एकूण ६२-६३ जण निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन घरी गेले आणि त्यातल्या १५ जणांना डेंग्यू आहे. चारात एक! टेस्टने शंका निम्म्यावरून पाववर आणली, संपवली नाही.

आता हेच कार्ड मे महिन्यात, नुसती सर्दी आणि कणकण असलेल्या १००० जणांना लावा. त्यातल्या २० जणांना डेंग्यू असेल तर १४ सापडतील, आणि उरलेल्या ९८० मधले ४९ चुकून पॉझिटिव्ह. एकूण ६३ पॉझिटिव्ह, खरे १४. म्हणजे इथे पॉझिटिव्ह आलेल्या पाचातल्या जवळपास चौघांना डेंग्यू नाहीच. कार्ड तेच, चूक करण्याचं प्रमाण तेच, तरी एकीकडे निगेटिव्हवर भरवसा नाही आणि दुसरीकडे पॉझिटिव्हवर. कारण टेस्ट करायच्या आधी संशय किती होता ते वेगळं होतं. तुमच्या डॉक्टरांनी हेच केलंय, फक्त आकडे न मांडता.

त्यात तुमच्या भावाला आधी कधी डेंग्यू होऊन गेला असेल, अनेकांना तर कळतही नाही, तर दुसऱ्या खेपेला एनएस१ अजून जास्त वेळा निगेटिव्ह येतो, कारण जुन्या अँटिबॉडी त्या प्रोटीनला आधीच चिकटून बसतात.

ठाणेकर, पुतण्या बरा झाला हे चांगलंच झालं. पण व्हायरल तापही बहुतेक वेळा पाच-सहा दिवसांत आपोआप उतरतो. अँटिबायोटिक चौथ्या दिवशी सुरू केलं आणि ताप सहाव्याला गेला तर श्रेय कुणाचं ते सांगता येत नाही. उलट खऱ्या टायफॉईडमध्ये योग्य औषध चालू केल्यावरही ताप उतरायला बऱ्याचदा चार-पाच दिवस जातात.

आणि विक्रोळीकर, जे तुम्ही शेवटी सहज लिहिलंत ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. हिंदमाताचं पाणी. हे डॉक्टरांना सांगितलंत का? नसेल तर आत्ता फोन करा. संशय लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या जंतूंच्या तापाचा. उंदरांचं मूत्र मिसळलेल्या पाण्यातून होतो, पायाला साधं खरचटलेलं असलं तरी पुरे, आणि पाण्यात गेल्यापासून एक-दोन आठवड्यांत ताप येतो, म्हणजे वेळही जुळते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला, त्यानंतरच्या आठवड्यांत शहरात लेप्टोची साथ आली होती, तेव्हा इथे असलेला कुठलाही डॉक्टर ते विसरणार नाही. म्हणून महापालिका दर पावसाळ्यात सांगते की साचलेल्या पाण्यातून गेलात तर २४ ते ७२ तासांत डॉक्टरांना दाखवा.

लेप्टोची आयजीएम टेस्ट (ताज्या अँटिबॉडी शोधणारी) पहिल्या पाच-सहा दिवसांत बऱ्याचदा निगेटिव्हच येते. मग टेस्टची वाट बघायची का? इथे दुसरा हिशोब लागतो. औषध उगाच दिलं गेलं तर नुकसान किती, आणि द्यायचं राहून गेलं तर किती. डॉक्सीसायक्लिन हे लेप्टोवरचं अँटिबायोटिक स्वस्त आहे, जुनं आहे, बहुतेकांना सोसतं. लेप्टो वाढला तर किडनी, लिव्हर, फुप्फुसात रक्तस्राव, माणूस आठवड्याभरात आयसीयूत जातो. त्यामुळे पाण्याची हिस्ट्री आणि असा ताप असेल तर संशय थोडा असला तरी मी औषध सुरू करतो, टेस्ट मागाहून येऊ दे. मलेरियात उलट, तिथे स्मिअर आणि कार्ड बऱ्यापैकी भरवशाचे आहेत, म्हणून आधी टेस्ट मग गोळ्या. पण थंडी वाजून ताप असेल तर एका निगेटिव्ह स्मिअरवर थांबू नका, १२ ते २४ तासांच्या अंतराने अजून दोनदा बघायला हवं.

कुठलीही टेस्ट लिहिताना मी स्वतःला विचारतो की पॉझिटिव्ह आली तर काय करणार आणि निगेटिव्ह आली तर काय करणार. दोन्हीचं उत्तर एकच असेल तर ती टेस्ट लिहीत नाही. तुम्हीही डॉक्टरांना बिनधास्त हे विचारा.

स्लाईडवाली

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. विडालचा १:१६० हा आकडा कसा येतो ते सांगते, म्हणजे त्याच्यावर किती भार टाकायचा ते कळेल.

छोट्या लॅबमध्ये स्लाईड विडाल होते. काचेवर गोल आखलेले असतात. पेशंटचं सीरम (रक्तातला पेशी काढलेला द्रव) पहिल्या गोलात ८० मायक्रोलिटर, मग ४०, २०, १० आणि ५. प्रत्येकात अँटिजेनचा (टायफॉईडच्या मेलेल्या जंतूंचा) एक थेंब, काडीने मिसळायचं, स्लाईड हलकेच डोलवायची आणि एका मिनिटात डोळ्यांनी बघायचं की बारीक गुठळ्या दिसतात का. २० वाल्या गोलापर्यंत दिसल्या तर १:८०, १० वाल्यापर्यंत दिसल्या तर १:१६०, सीरम जितकं कमी तितका आकडा मोठा. म्हणजे १:८० आणि १:१६० मधला फरक म्हणजे एका गोलात मला गुठळी वाटली की नाही वाटली. मिनिटाच्या वर वेळ गेला, थेंब कडेने सुकायला लागला, की नसलेल्या गुठळ्यापण दिसतात. पावसाळ्यात सकाळी सॅम्पलची रांग लागलेली असते. काळजीपूर्वक करणारे खूप जण आहेत, पण पद्धतच ढोबळ आहे. ट्यूबमधली विडाल जास्त नीट असते, तिला रात्रभर ठेवावं लागतं, म्हणून ती कमी ठिकाणी होते.

डेंग्यू कार्डचंही तसंच. कार्डावर लिहिलेल्या वेळेतच, बहुतेक १५-२० मिनिटांत, वाचायचं असतं. अंधुक रेघ आली तर एक म्हणतो आहे, दुसरा म्हणतो नाही. म्हणून सरकारी हिशोबात कार्डावर डेंग्यू पक्का धरत नाहीत, पहिल्या पाच दिवसांत एनएस१ एलायझा (लॅबमध्ये मशीनवर वाचतात ती जास्त भरवशाची टेस्ट) आणि पाच दिवसांनंतर आयजीएम एलायझा. शक्य असेल तर एलायझा करून घ्या. महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलांत होते.

आणि सीबीसीचं एक. प्लेटलेट्स अचानक खूप कमी आल्या तर घाबरायच्या आधी लॅबला विचारा की स्मिअर बघितला का. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधल्या औषधाने काही जणांच्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात, मशीन त्या गठ्ठ्यांना मोजत नाही आणि आकडा खोटा खाली येतो. मायक्रोस्कोपखाली लगेच कळतं.

आई_बोरिवली

मध्येच विचारते, विषय जवळचा आहे म्हणून. मुलगी १९ वर्षांची, महिनाभर खोकला, मँटू (त्वचेत टोचून करायची टीबीची टेस्ट) केली तर सूज १४ मिमी आली. कुणी म्हणतं टीबी गोल्ड ही रक्ताची टेस्टपण करा. मँटू पॉझिटिव्ह म्हणजे टीबी झालाच ना?

मायक्रो_रेसिडेंट

ताई, नाही. मँटू काय किंवा टीबी गोल्ड काय, दोन्ही फक्त एवढंच सांगतात की टीबीचा जंतू शरीराला कधीतरी भेटलाय. आत्ता आजार आहे की जंतू आत झोपून आहे हे त्यातून कळत नाही. मुंबईत मोठ्या झालेल्या असंख्य लोकांची मँटू पॉझिटिव्ह येते आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यात कधी टीबी होत नाही. टीबी गोल्डवर पैसे खर्च करून तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही. पण महिनाभर खोकला हे स्वतःच तपासायला पुरेसं कारण आहे, मँटू कितीही आली असती तरी. छातीचा एक्स-रे आणि थुंकीची सीबीनॅट करून घ्या, सरकारी केंद्रात फुकट होते, त्यात जंतूचा डीएनए सापडतो आणि रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल का तेही कळतं. थुंकी सकाळची, खोलातून खाकरून काढलेली हवी. तोंडातली लाळ दिली तर निगेटिव्ह रिपोर्टला काही अर्थ राहत नाही. आणि थुंकीत जंतू अगदी कमी असतील तर सीबीनॅटचीही नजर चुकते, त्यामुळे निगेटिव्ह आली आणि वजन उतरतंय, संध्याकाळी ताप येतोय, एक्स-रेत डाग आहे, तर तिथे थांबायचं नाही.

पूर्वी टीबीसाठी रक्तातल्या अँटिबॉडीच्या टेस्ट सर्रास व्हायच्या. त्या इतक्या चुकायच्या की २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या वापरू नका असं सांगितलं आणि २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांच्यावर बंदी घातली. चुकीची टेस्ट नसलेल्या टेस्टपेक्षा वाईट असू शकते याचं इतकं स्पष्ट उदाहरण मला दुसरं माहीत नाही. बिनटीबीची माणसं सहा-सहा महिने औषधं खायची आणि खरे पेशंट निगेटिव्ह कागद घेऊन घरी खोकत बसायचे.

विक्रोळीकर, पॅकेजबद्दल एक सांगतो, कारण याबद्दल कुणी बोलत नाही. समजा प्रत्येक टेस्ट निरोगी १०० जणांतल्या ५ जणांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते. अशा पाच टेस्ट एकदम केल्या तर त्या १०० पैकी जवळपास २३ जणांना कुठली ना कुठली एक टेस्ट पॉझिटिव्ह येणार. पॅकेज जितकं मोठं तितकं काहीतरी ठळक अक्षरात छापून येण्याची शक्यता जास्त, आणि मग घरचे त्याच्याच मागे लागतात. हे स्वस्तात मस्त म्हणून विकलं जातं त्याचा मला मनापासून राग येतो.

सगळ्या टेस्टना एकाच दिशेने अविश्वास दाखवायचा असंही नाही हं. कोविडमध्ये आठवतंय का, आयसीएमआरचा नियम होता की रॅपिड अँटिजेन पॉझिटिव्ह आली तर खरी धरा, पण लक्षणं असताना निगेटिव्ह आली तर आरटीपीसीआर कराच. ती टेस्ट खोटं पॉझिटिव्ह क्वचित द्यायची, खरे पेशंट मात्र बरेच सोडायची. ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघणं, तेही तसंच. टायफॉईडमध्ये जंतू वाढला तर विषय संपला, पण खऱ्या टायफॉईडमधल्या १०० पैकी साधारण ६० मध्येच तो वाढतो. अँटिबायोटिकचा डोस आधी पोटात गेला की अजून कमी. म्हणून टायफॉईडची शंका डोक्यातून जात नसेल तर औषधाच्या आधी कल्चरची बाटली भरा, मोठ्या माणसाचं ८-१० मिली रक्त घ्या, दोन-तीन मिलीत काम होत नाही.

विक्रोळीकर
(गुरुवार रात्री)

सगळ्यांचे मनापासून आभार. पाण्याचं डॉक्टरांना काल रात्रीच फोन करून सांगितलं, ते म्हणाले हे आधी सांगायला हवं होतंत, सकाळी लगेच या. भावाच्या पोटऱ्या दाबून बघितल्या, डोळ्यांचा लालपणा बघितला, लघवी किती होते विचारलं. मग आम्हाला महापालिकेच्या हॉस्पिटलात पाठवलं, तिथे आधी ब्लड कल्चर घेतलं, एनएस१ एलायझाला रक्त दिलं आणि मग डॉक्सी सुरू केली. आजचा सीबीसी: पांढऱ्या पेशी २८००, प्लेटलेट्स १ लाख ८ हजार, पीसीव्ही (रक्तातल्या लाल पेशींचा टक्का) ४३, परवा ४२ होता. मावशीला १०० जणांचा हिशोब कागदावर काढून दाखवला, तिला पटला. आता लक्ष कशावर ठेवायचं?

डॉक्टर_लालबाग

पीसीव्ही फारसा हलला नाही हे चांगलं. लोक प्लेटलेट्सच्या आकड्याकडे बघत बसतात, पण प्लेटलेट्स झपाट्याने पडतायत आणि त्याच वेळी पीसीव्ही चढतोय, म्हणजे रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतंय, ते जास्त काळजीचं. डेंग्यूत धोक्याचा काळ ताप उतरताना सुरू होतो, चौथ्या ते सहाव्या दिवसाच्या आसपास, नेमकं तेव्हाच घरचे म्हणतात सुटलो. पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, खूप ग्लानी किंवा उलट बेचैनी, लघवी कमी होणं, हातपाय गार पडणं, यातलं एक जरी दिसलं तरी रिपोर्टची वाट न बघता हॉस्पिटल गाठा. तिथे शंभर निगेटिव्ह कागदही मोजायचे नाहीत. ब्रुफेन, अॅस्पिरिन, डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन काही नको, फक्त पॅरासिटामॉल.

विक्रोळीकर
(रविवार)

एनएस१ एलायझा पॉझिटिव्ह आली! कल्चरमध्ये अजून काही वाढलेलं नाही. ताप काल दुपारपासून नाही, प्लेटलेट्स ७४ हजारपर्यंत जाऊन आज ८१, पीसीव्ही स्थिर, सकाळी दोन घावन मागून खाल्ली. दोन शेवटचे प्रश्न. डेंग्यू सिद्ध झाला तर डॉक्सी बंद करू का? आणि आई विचारते की पंधरा दिवसांनी विडाल परत करून टायफॉईड गेला का ते बघायचं का?

डॉक्टर_लालबाग

छान, जीवात जीव आला. डॉक्सी स्वतःहून बंद करू नका. डेंग्यू सापडला म्हणून लेप्टो नाही असं होत नाही, पावसाळ्यात दोन्ही एकाच माणसात बघितलेत, आणि पाण्याची हिस्ट्री तर तीच आहे. कोर्स छोटा असतो, तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलाय तेवढा पूर्ण करा. एलायझाचा रिपोर्ट तुमच्या वॉर्डच्या आरोग्य खात्याला कळला की माणसं येऊन पिंप, कुंड्या, गच्चीवरच्या टाक्या बघतील, त्यांना घरात येऊ द्या, आणि सोसायटीतल्या बाकीच्यांनाही सांगा.

विडाल परत करू नका. तो आकडा काही महिने तसाच राहू शकतो, एखादवेळी वाढलेलाही दिसेल, आणि मग धडधाकट मुलाला कुणीतरी अँटिबायोटिक लिहून देईल. त्याऐवजी दोन दिवसांनी एक सीबीसी करा, प्लेटलेट्स दीड लाखाच्या वर गेल्या की तेही बंद.